सागरी महामार्ग करताना सड्यावर थांबायला जागा ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. कोणत्या खाडीवर किती लांबीचा पूल होणार, निविदा कुठवर आली, मुंबईहून सिंधुदुर्गात पोचायला किती वेळ वाचणार, हे सगळं मी आवडीने वाचते. या रस्त्यावर, आणि विशेषतः सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गाडीच्या काचेबाहेर असणाऱ्या माणसाने पाऊस आल्यावर कुठे जायचं, हे मात्र अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण जागा मिळाली तर पूर्ण छापावं ही विनंती.

मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटन, गड, कर्ली या नद्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने दाखवत माझी नोकरी सरत आली. या प्रत्येक नदीची खाडी एकदा आपल्या पायांच्या जोरावर गाठावी, असं फार दिवस मनात होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रेवसच्या धक्क्यावरून सायकल काढली आणि रेडीच्या गणपतीपर्यंत गेले. एकटीच गेले. सोबत असली की गप्पा होतात, आभाळाकडे लक्ष राहत नाही. मला आभाळच बघायचं होतं. घरच्यांना काळजी वाटली, पण कुणी अडवलं नाही, याचं मला फार समाधान आहे.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं हे आधीच ठरलेलं होतं. पावसाळा ओसरला की आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. नऊ-दहाला ऊन चढलं की तो पडतो, मग तासभर पान हलत नाही, आणि त्यानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो बहुतेक वेळा वायव्येचा असतो. दक्षिणेला तोंड करून चालवणाऱ्याला तो उजव्या खांद्यामागून हात देतो. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा असताना हाच रस्ता सगळा छातीवर वारा घेऊन काढावा लागेल. मुलांना खारे वारे आणि मतलई वारे पाठ करायला लावण्यापेक्षा एक दिवस सायकलवर बसवून सकाळी आणि दुपारी काशिदच्या किनाऱ्यावरून न्यावं, असं आता वाटतं.

अलिबाग, रेवदंडा, साळाव, मुरूड हा पट्टा कोरडा गेला. आगरदांड्याहून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, दिघीला उतरले आणि दिवेआगर, श्रीवर्धनच्या वाड्यांमधून जाताना 3 जून 2020 चं निसर्ग वादळ पुन्हा डोळ्यांसमोर आलं. ते याच किनाऱ्यावर चढलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या सुपारीची एकाच उंचीची झाडं दिसतात, मधूनच एखादं जुनं उंच झाड एकटं उभं असतं. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. ज्यांच्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या, त्यांचं उत्पन्न आता कुठे परत सुरू होतं आहे. वादळात माणसं वाचली ती शाळांच्या आणि देवळांच्या पक्क्या इमारतींत जाऊन बसली म्हणून. निवाऱ्याचं मोल या माणसांना कुणी वेगळं सांगायला नको.

बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरल्यापासून हवा बदलली. परतीच्या पावसाचे दिवस ज्यांनी कोकणात काढले आहेत त्यांना हे नवं नाही, पण दिवसभर उघड्यावर असलं की ते अंगावर येतं. पहाटे केळशीच्या बाजूला धुकं इतकं दाट की टोपीच्या कडेवरून थेंब पडत होते. आठला धुकं उठलं आणि नऊला ऊन असं लागलं की हँडलची पकड तापली. अकराला मळभ. एकला पुन्हा लख्ख. अडीचच्या सुमाराला पूर्वेकडे, सह्याद्रीच्या अंगाला, ढग वर चढायला लागायचे आणि चार वाजेतो गडगडाट सुरू. संध्याकाळी धुतल्यासारखं स्वच्छ आभाळ आणि रस्त्यावर वाहून आलेली लाल माती. शेतात लवकर पिकणारं हळवं भात कापून पडलेलं, उशिरा पिकणारं गरवं उभं, आणि माणसं हातात विळा धरून आभाळाकडे बघत उभी. कापावं तर भिजतं, ठेवावं तर आडवं होतं. हर्णैच्या अलीकडे एका शेतात घरची सगळी माणसं, अगदी आजीसकट, भारे उचलून पडवीत नेत होती. मी सायकल लावली आणि त्यांच्यातली होऊन भारे उचलले. पाऊस आला तेव्हा शेवटचे आठ-दहा राहिलेच.

पावसाळ्यातला पाऊस समुद्राकडून येतो, हा पाऊस डोंगराकडून येतो. मोसमी वारे माघारी फिरताना जमीन तापलेली असते, हवेत बाष्प भरपूर असतं. दुपारचा खारा वारा ते बाष्प आत नेतो, सह्याद्रीच्या भिंतीशी हवा वर चढते, ढग उंच वाढतात, आणि वरच्या थरातला पूर्वेचा वारा ते ढग पुन्हा किनाऱ्याकडे लोटतो. म्हणून जुलैतल्या संततधारेत क्वचित दिसणारी वीज ऑक्टोबरात रोज संध्याकाळी दिसते. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या पर्यटकाच्या पाठीमागून हे येतं आणि त्याला कळतही नाही.

या हवेतून जाताना सायकलचे जे हाल होतात ते सांगायला हवेत, कारण त्याचा रस्त्याशी संबंध आहे. आपला किनारा सपाट नाही. जांभ्याचे सडे समुद्रापासून शंभर-सव्वाशे मीटर उंच उठलेले आणि दर आठ-दहा मैलांवर एक खाडी त्यांना कापून गेलेली. म्हणजे सड्यावरून खाडीपर्यंत उतरा, खाडी ओलांडा आणि पुन्हा सड्यावर चढा. पाऊस पडून गेल्यावर उतारावर जांभ्याचा लाल चिखल असतो. तो रिमवर बसतो आणि ब्रेकचं रबर त्याच्यावर पॉलिश पेपरवर घासावं तसं झिजतं. दाभोळच्या उतारावर खाली पोचेपर्यंत रिमवरून लाल पाणी ठिबकत होतं आणि ब्रेक दाबला की बारीक खडे चिरडल्याचा आवाज येत होता. धक्क्यावर थांबून बाटलीतल्या पाण्याने रिम धुतली, रबरात रुतलेले खडे सेफ्टी पिनने एकेक काढले. चेनला रात्री तेल दिलं तरी खाऱ्या हवेने सकाळी तांबूस पूड धरलेली असायची. हे सगळं करायला पाच हात कोरडी जागा लागते. दाभोळच्या धक्क्यावर ती मिळाली. सड्यावर मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावरून जात होते. दुपारचे साडेतीन झाले असतील. दोन्ही बाजूंना कातळ, गवत पिवळं पडत आलेलं, झाड म्हणून नाही. घर नाही, दुकान नाही. पूर्वेला ढगाचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झालेला होता. वीज लवली की मी आकडे मोजायला लागते. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. सुरुवातीला एकवीसपर्यंत मोजलं, म्हणजे सात किलोमीटर. मग पंधरा. मग बारा. तीसच्या आत आकडा आला की वीज आपल्यापर्यंत पोचू शकते असं धरायचं, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. त्या सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू मी आणि माझी सायकल होती. खाली कातळ असल्याने पडलेली वीज जमिनीत चटकन जिरत नाही, पृष्ठभागावरून पसरते. गुरं मरतात ती यामुळेच. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असतं आणि त्या अंतरातून प्रवाह शरीरात शिरतो. पाय जुळवून उकिडवं बसणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि त्याने जीव वाचेलच असं नाही.

वळणाच्या पुढे चिऱ्याची एसटीची शेड दिसली. तीन बाजूंना दीड हात जाडीच्या जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आत दोन्ही बाजूंना चिऱ्याचेच बाक. आत दोन बायका गवताचे भारे उतरवून बसलेल्या, एक शाळेतली मुलगी दप्तर पोटाशी धरून, आणि एक आजोबा. मी सायकल आत घ्यायला लागले तेव्हा त्यांतली एक बाई म्हणाली, "बाय, ती भायेरच ऱ्हाऊ दे, लोखंड हाय ते. तू मधी ये, भितीला टेकू नको." तिला हे कुणी वर्गात शिकवलेलं नव्हतं, आणि ते अगदी बरोबर होतं. सायकल वीस-पंचवीस पावलांवर गवतात आडवी टाकून मी आत येऊन बसले. पाठोपाठ सर आली. पाऊस तिरका होता, पण आत थेंब आला नाही. पागोळ्यांचं पाणी समोरच्या गटारात पडत होतं आणि गटार वाहत होतं, तुंबलेलं नव्हतं. कुणीतरी ते साफ करत असणार.

आजोबांनी सांगितलं, "ही शेड गावानं बांधलान. चिरे आमच्याच खाणीतले. जो तो एकेक दिस कामाला आला." मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. बाहेरच्या कोपऱ्यावर लाल रंगात एक आकडा आणि बाण काढलेला होता. रस्ता रुंद करायचा म्हणून मोजणी झाली तेव्हाची खूण. "ही जानार आता," ते म्हणाले. त्याच्या जागी काय येणार ते कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मी पुढे गेल्यावर मुद्दाम बघत गेले, आणि परत आल्यावर आमच्या भागातही पाहिलं. जिथे जुनी शेड गेली तिथे एक तर काहीच आलेलं नाही, नाही तर स्टीलच्या नळ्यांवर वाकवलेला पत्रा आणि त्याखाली तीन माणसांचा बाक आला आहे. मागे भिंत नाही, बाजूला भिंत नाही. वर जाहिरातीचा किंवा नावाचा मोठा फलक असतो, पण त्याने सावलीसुद्धा पडत नाही, कारण दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं. मुंबईच्या फूटपाथवर असा थांबा चालत असेल. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो आडवा पडतो, तिथे त्याला निवारा म्हणता येत नाही. चिऱ्याच्या शेडी बांधणाऱ्या गवंड्यांना हे माहीत होतं. नीट बघितलंत तर जुन्या चांगल्या शेडींची पाठ पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असते, जून ते सप्टेंबरचा मारा पाठीवर घ्यायला. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. छप्पर पुढे हातभर जास्त काढलेलं. जोतं रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच, म्हणजे पाणी आत येत नाही आणि गुरंही सहसा शिरत नाहीत. जांभा दिवसा तापत नाही, म्हणून आत गार असतं. यात एकही गोष्ट महाग नाही.

कुणी म्हणेल, सायकलवरून हौसेने फिरणाऱ्या चार लोकांसाठी एवढं कशाला. त्या शेडमध्ये मी एकटी हौसेने आलेली होते, बाकीचे चौघं नव्हते. मुलगी शाळा सुटल्यावर एसटीची वाट बघत होती. बायका सड्यावरचं गवत कापून गावात नेत होत्या. आजोबा तालुक्याच्या दवाखान्यातून परत येत होते, त्यांना वडापवाल्याने फाट्यावर सोडलं होतं आणि तिथून पुढे चालत जायचं होतं. डोक्यावर पाटी घेऊन सड्यावरच्या वाड्यांना मासे विकणाऱ्या बायका, काजूच्या हंगामात बिया घेऊन निघालेली माणसं, पायी आलेली शिमग्याची पालखी, गणपतीला चाकरमान्यांची वाट बघत फाट्यावर उभी राहणारी मुलं, या सगळ्यांची जागा ती आहे. दुचाकीवाल्यांची तर सर्वांत जास्त. पाऊस आला की तिथे पाच-सहा मोटारसायकली लागतात. महामार्ग झाला की गाड्यांचा वेग वाढेल, त्या कडेला उभ्या माणसासाठी थांबणार नाहीत, आणि तेव्हा शेड आजच्यापेक्षा जास्त लागेल.

आणखी एक. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती बघायला लोक येऊ लागले आहेत आणि येणारच. कातळशिल्प बघणं म्हणजे उघड्या सड्यावर, झाडाझुडपापासून दूर, जमिनीकडे बघत उभं राहणं. ऑक्टोबरात दुपारी तीननंतर यापेक्षा धोक्याची जागा मला सांगता येणार नाही. तिथे नुसती शेड बांधून भागणार नाही, तिच्यावर वीजरोधक हवा आणि त्याचं अर्थिंग नीट हवं. आमच्या गावच्या वायरमनला विचारलं तर तो म्हणाला की कातळात अर्थिंग धरत नाही, खड्डा खोल घ्यावा लागतो, त्यात मीठ-कोळसा घालावा लागतो आणि दर उन्हाळ्यात ओलावा आहे का बघावं लागतं. म्हणजे एकदा तांब्याची पट्टी लावून उद्घाटन केलं की काम संपत नाही. हे काम कुणाकडे राहील तेही ठरवावं लागेल.

पुलांबद्दल. रेवस–करंजा, आगरदांडा–दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर अशा ठिकाणी पूल नियोजित आहेत. ते व्हावेत. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून हा रस्ता कोकण ऐकतं आहे. दाभोळच्या पलीकडे, धोपाव्याच्या बाजूला रात्री कुणाला कळा सुरू झाल्या किंवा साप चावला तर जेट्टीची शेवटची फेरी सुटून गेलेली असते, हे आम्ही इथे राहणारे जाणतो. म्हणून पुलाला विरोध करणाऱ्यांतली मी नाही. पण जंगलजेट्टीच्या धक्क्यावर आज जे आहे ते पुलावर नसेल, याचा विचार पूल बांधतानाच व्हायला हवा. धक्क्यावर छप्पर असतं, चहाची टपरी असते, पाणी असतं, तिकिटाच्या खिडकीत बसलेला माणूस असतो. त्याला खाडीची आणि वाऱ्याची खबर असते. तवसाळला मी सायकल घेऊन उभी होते तेव्हा त्याने स्वतःहून सांगितलं की पलीकडे जयगडला सर पडते आहे, एक फेरी थांबा. मी थांबले. पुढच्या फेरीला कोरडी पलीकडे गेले आणि मालगुंडपर्यंत ओल्या रस्त्यावरून पण उघडिपीत गेले. बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला आहे का, हे मच्छीमाराला कुणाला तरी विचारता येतं. सड्यावरून चाललेल्या माणसाला विचारायला कुणी नाही. मोबाईल आहे, पण खाडीच्या पोटात आणि कित्येक सड्यांवर रेंज नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं, चांगलं देतं, मी स्वतः वापरते आणि मुलांच्या पालकांनाही घ्यायला सांगते. रेंज नसलेल्या ठिकाणी त्याचा उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक शेडमध्ये एक साधा काळा फळा लावावा असं मला वाटतं. हवामान खात्याचा त्या जिल्ह्याचा त्या दिवसाचा रंग, हिरवा, पिवळा, नारिंगी की लाल, सकाळी पहिल्या एसटीच्या कंडक्टरने किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायाने खडूने लिहावा. आमच्या शाळेत मुलं रोज प्रार्थनेच्या वेळी हे लिहितात. त्याला दोन मिनिटं लागतात.

पुलावरून सायकल नेताना काय होतं तेही सांगते. खाडीच्या मुखावरच्या पुलांवर समुद्राकडून वारा आडवा येतो. भाट्याच्या पुलावर दुपारी तो इतका होता की सायकल समुद्राच्या उलट बाजूला, म्हणजे डाव्या कठड्याकडे, सरकत होती आणि मागून ट्रक येत होते. उतरून हातात धरून नेली. दुसऱ्या एका पुलावर पाणी जायला कडेला ज्या लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने आहेत. सायकलचं चाक त्यांच्या फटीत नेमकं बसतं. पावसात वर पाणी साचलं की जाळी दिसत नाही. त्याच जाळ्या आडव्या बसवल्या तर पाणी तेवढंच जाईल आणि चाक अडकणार नाही. नवे पूल अजून कागदावर किंवा पायाभरणीत आहेत तोवर कठड्याच्या आतल्या बाजूला सायकल आणि पायी माणसांसाठी वेगळी उंच पट्टी ठेवणं सोपं आहे. नंतर ती कुणालाही जोडता येणार नाही. सकाळी धोपाव्याहून दाभोळला जेट्टीतून शाळा-कॉलेजला जाणारी मुलं आहेत. पूल झाल्यावर ती सायकलने जातील, जर जाता आलं तर.

विजयदुर्गापासून पुढे सिंधुदुर्गात हवा बरी लागली. एखादी सर यायची आणि जायची. आचऱ्याच्या पुढे अशाच एका सरीत एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरले. म्हातारीने आधी "बाय, खंयसून इलंस?" विचारलं आणि रेवस म्हटल्यावर काही न बोलता आत जाऊन टॉवेल आणला. घावन आणि चहा दिला. पाऊस गेल्यावरही जाऊ देईना. माणसं अशी आहेत म्हणून आजवर कोकणात निवाऱ्याशिवाय चाललं. पण हा रस्ता आता वाड्यांमधून न जाता बगल देऊन, सड्यांवरून, सरळ काढला जातो आहे. खळी रस्त्यापासून लांब पडणार आहेत.

आणि एक गोष्ट बायकांच्या बाजूने. सबंध किनाऱ्यावर ज्या थोड्या ठिकाणी मला स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह मिळालं, ती देवस्थानं किंवा खानावळी होती. रस्त्याच्या कडेला, शेडजवळ, एकही नव्हतं. गवत कापायला गेलेल्या, मासे विकायला निघालेल्या, एसटीची वाट बघणाऱ्या बायका दिवसभर पाणी कमी पितात, आणि का ते प्रत्येकीला माहीत आहे. ऑक्टोबरच्या उन्हात ते सोसत नाही. शेडच्या पाठीमागच्या भिंतीला लागून एक खोली काढली तर चौथी भिंतसुद्धा बांधावी लागत नाही.

भूसंपादन आणि मोजणी चालू आहे, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं. पाच-सहा किलोमीटरपेक्षा लांब, वस्ती नसलेल्या प्रत्येक सड्यावर रस्त्याच्या कडेला अर्धा गुंठा जागा निवाऱ्यासाठी राखून ठेवावी. अर्धा गुंठा म्हणजे पन्नास चौरस मीटर. त्यात तीन भिंतींची शेड, स्वच्छतागृह आणि पाच-सहा सायकली-मोटारसायकली लावायची जागा बसते. जी चिऱ्याची शेड रुंदीकरणात जाते आहे तिचे चिरे क्रमांक घालून काढावेत आणि मागे सरकवून तीच शेड पुन्हा उभी करावी. चिऱ्याचं बांधकाम असं हलवता येतं. इथले गवंडी जुन्या घरांचे चिरे काढून नवी घरं बांधतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या शाळेतल्या मुलांनी धोपावे ते तवसाळ या रस्त्यावरच्या सगळ्या शेडींचा नकाशा करायला घेतला आहे. शेड कुठे आहे, भिंती किती, तोंड कुठल्या दिशेला, छप्पर गळतं का, मोजणीची लाल खूण आहे का, जवळ मोबाईलला रेंज येते का, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन लिहायचं. काम पुरं झालं की त्याच्या प्रती त्या त्या ग्रामपंचायतीला देणार आहोत, म्हणजे मोजणीला माणसं येतील तेव्हा सरपंचांच्या हातात कागद असेल. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला या तालुक्यांतल्या शाळांनी आपापल्या पट्ट्यात हेच केलं तर रेवसपर्यंत आणि रेडीपर्यंतचा नकाशा एका सत्रात पुरा होईल. नोंदीचा कोरा तक्ता आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. ज्या शिक्षकांना तो हवा असेल त्यांनी तिथून घ्यावा.

कळावे.

आपली नियमित वाचक,
एक भूगोल शिक्षिका,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी